चार मायक्रोलिटर पाणी

२ मि.मी. व्यासाच्या गोलात साधारण ४ मायक्रोलिटर पाणी मावतं. शाळेतलंच गणित आहे. ते मी प्रबंधाचा विषय निवडायच्या आधी केलं असतं तर पुढची दीड वर्षं जरा सुखात गेली असती. मी ते केलं पहिल्या नमुन्याच्या रात्री. बोटांना मुंग्या आलेल्या होत्या, आणि दुपारभर राबून समोरच्या नळीच्या तळाला जेमतेम ओल जमली होती.

विषय कागदावर छान दिसायचा. शेळीच्या अंडाशयातल्या फॉलिकलमध्ये, म्हणजे अंडं ज्यात वाढतं त्या फोडात, जे पाणी असतं, म्हणजे फॉलिक्युलर फ्लुइड, त्याची जैवरासायनिक घडण फॉलिकलच्या आकारानुसार कशी बदलते ते बघायचं. लहान म्हणजे ३ मि.मी.च्या आतले, मध्यम ३ ते ५, मोठे ५ च्या वरचे. तिन्ही गटांतलं पाणी काढून त्यात ग्लुकोज, कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड, एकूण प्रथिनं, युरिया आणि दोन-चार एन्झाइम मोजायची. जमलंच तर इस्ट्रॅडिऑल आणि प्रोजेस्टेरॉन ही हॉर्मोन्स. रूपरेषा मांडली तेव्हा समोर बसलेल्यांपैकी कुणीही विचारलं नाही, की लहान फॉलिकलमधून एवढं पाणी आणणार कुठून? एका ग्लुकोजला १० मायक्रोलिटर लागतात. म्हणजे एका चाचणीला तीन लहान फॉलिकल, तेही थेंब न सांडता. सगळ्या चाचण्या दोनदोनदा करायच्या तर अर्धा मिलिलिटर तरी हवा. म्हणजे १२० फॉलिकल. शिवाय सुईत अडकतं, रक्त मिसळलं म्हणून फेकावं लागतं, हात हलला की टेबलावर उडतं. ६ मि.मी.चं एक फॉलिकल मात्र शंभरच्या वर मायक्रोलिटर देऊन मोकळं होतं. व्यास तिप्पट, पाणी सत्तावीसपट.

शेळीचं अंडाशय बोटाच्या पेराएवढं, वजन एखाद-दोन ग्रॅम. टिपकागदावर कोरडं करून दिव्याखाली धरलं की पृष्ठभागावर काचेच्या मण्यांसारखे फोड दिसतात, तेच फॉलिकल. कधी शेजारी कॉर्पस ल्युटियमची, म्हणजे अंडं सोडून झालेल्या फॉलिकलच्या जागी उरणारी, गुलाबी मांसल गाठ असते. टिपणं महत्त्वाचं, कारण अंडाशय कत्तलखान्यातून सलाइनमध्ये बुडून आलेलं असतं आणि सलाइनचा एक थेंब चार फॉलिकलांच्या पाण्याची वाट लावू शकतो. मग व्हर्नियरने व्यास मोजायचा. सुई थेट फोडात घातली तर त्याचं पातळ छत फाटतं आणि पाणी सुईच्या बाहेरच्या अंगाने ओघळून जातं. म्हणून बाजूच्या घट्ट भागातून शिरायचं आणि आतून फॉलिकलमध्ये यायचं. हे मला पुस्तकाने नाही, आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांनी शिकवलं. मामा हुद्द्याने परिचर, पण माझ्याआधीच्या कितीतरी बॅचेसची अंडाशयं त्यांच्या डोळ्यांखालून गेलेली. सिरिंज इन्सुलिनचीच घ्यायची, हेही त्यांचंच. साध्या सिरिंजमध्ये सुईच्या बुडाशी जी पोकळी राहते तिथेच माझे दहा-पंधरा फॉलिकल जिरत होते.

हे पाणी म्हणजे गाळलेलं रक्त, असं मी सुरुवातीला समजत होते. निम्मंच खरं आहे ते. फॉलिकलच्या भिंतीत बाहेरच्या थरात, थीकात, रक्ताच्या बारीक केशवाहिन्या असतात. आतला थर ग्रॅन्युलोसा पेशींचा, त्यात एकही रक्तवाहिनी नाही. दोहोंच्या मध्ये पातळ आधारपटल. रक्तातून आत येणाऱ्या प्रत्येक रेणूला या पटलातून जावं लागतं आणि ते आकार बघून सोडतं. ग्लुकोज, युरिया, सोडियम यांना कोण अडवणार? अल्ब्युमिनही बऱ्यापैकी आत येतं. आयजीएम या प्रतिपिंडासारखा अवाढव्य रेणू बहुतेक बाहेरच राहतो. कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांची कथा तर मला फारच आवडते. एचडीएलचे कण बारीक, दहा नॅनोमीटरच्या आसपास, ते शिरतात. एलडीएल त्याच्या दुप्पट, व्हीएलडीएल त्याहून मोठे, ते दाराशीच थांबतात. म्हणून फॉलिकलमध्ये जे कोलेस्टेरॉल सापडतं ते जवळजवळ सगळं एचडीएलच्या पाठीवर बसून आलेलं असतं, आणि रक्ताच्या मानाने कमी असतं. माणसांच्या रिपोर्टमध्ये ‘चांगलं कोलेस्टेरॉल’ म्हणून ज्याचं कौतुक होतं ते हेच.

उरलेलं निम्मं ग्रॅन्युलोसा पेशी स्वतः ओततात. हायल्युरोनन आणि व्हर्सिकॅन ही त्यातली भारदस्त मंडळी. इतकी थोराड की एकदा आत सोडली की भिंतीतून परत बाहेर पडता येत नाही. ती आत अडकतात आणि पाणी आपल्याकडे ओढून घेतात. पोकळी तयार होऊन फुगत जाते ती या ओढीने. मोठ्या फॉलिकलमधलं पाणी दोन बोटांत धरलं तर किंचित बुळबुळीत लागतं, ते बहुधा यांच्यामुळेच. याच पाण्यात इन्हिबिन असतं, जे मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीला ‘एफएसएच आवर’ असं सांगतं. एफएसएच म्हणजे फॉलिकल वाढवणारं हॉर्मोन. ते पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात हाती आलं १९८५ मध्ये, आणि तेही फॉलिक्युलर फ्लुइडमधूनच, डुकरिणींच्या आणि गायींच्या. त्या लोकांनी किती लिटर पाणी गोळा केलं असेल, या विचाराने मला आजही घाम फुटतो.

बरं, एवढ्या उठाठेवीचं कारण काय? तर आत राहणारं अंडं. एक दशांश मिलिमीटरहून जरासं मोठं. ज्यांच्या नावाने आपण ग्राफियन फॉलिकल म्हणतो त्या रेनिए द ग्राफ यांनी १६७२ मध्ये या फोडांचं वर्णन केलं आणि अख्खा फोडच अंडं आहे असं मानलं. खरं अंडं दिसलं १८२७ मध्ये, कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांना, कुत्रीच्या अंडाशयात. आणि १९३५ मध्ये पिंकस आणि एन्झमान यांनी सशांवर काम करून दाखवलं, की अंडं फॉलिकलमधून काढून बाहेर ठेवलं की ते आपोआप परिपक्व व्हायच्या मार्गाला लागतं. म्हणजे आत असताना त्याला कुणीतरी थोपवून धरलेलं असतं. अंड्याचं पोषणही त्याच घरातून. प्रयोगशाळेत अंडी वाढवायची तर त्यांना कुठल्या पाण्यात ठेवायचं, या प्रश्नाचं पहिलं उत्तर साहजिकच ‘आधी होती त्या पाण्यासारख्या’ असं येतं. म्हणून ते पाणी मोजायचं.

माझ्या पहिल्या पाच खेपांचे निकाल सुरेख आले. लहान फॉलिकलमध्ये ग्लुकोज कमी, मोठ्यांत भरपूर. कोलेस्टेरॉल आकाराबरोबर चढतं, ट्रायग्लिसराइड आणि युरिया उतरतात. गायी, म्हशी, मेंढ्या, शेळ्या, कुणाचेही जुने निबंध काढा, बहुतेकांत असंच असतं. कारणही पटण्यासारखं आहे. ग्रॅन्युलोसा पेशींना रक्तवाहिन्या नाहीत, प्राणवायू तोकडा, मग त्या ग्लुकोज मोडून लॅक्टेट करतात. आणि गोल जितका लहान तितकी त्याची भिंत पाण्याच्या मानाने जास्त. २ मि.मी.च्या फॉलिकलमध्ये दर घन मिलिमीटर पाण्यामागे ३ चौरस मिलिमीटर भिंत येते, ६ मि.मी.च्या फॉलिकलमध्ये १. खाणारी तोंडं तिप्पट. शिवाय फॉलिकल मोठं होत जातं तसं थीकातलं रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं, आणि पुरवठाही वाढतो. सर खूश, मी खूश. ग्लुकोजच्या नळ्या एका ओळीत लावल्या की फिक्या गुलाबीपासून गडद गुलाबीपर्यंत अशी चढण दिसायची, की मशीन न लावताच निकाल कळावा. मी तिचा फोटोही काढला होता.

सहाव्या खेपेला अंडाशयं उशिरा आली. मी नेहमीप्रमाणे लहान फॉलिकलपासून सुरुवात करणार, तोच मामा म्हणाले, “ताई, आज मोठे आधी घ्या. हाताळून हाताळून फुटतात ते.” त्यांचं खरं होतं, आदल्या दोन खेपांना मी तसे तीन-चार घालवले होते. मोठे आधी काढले, मग मध्यम, शेवटी लहान. सगळ्या नळ्या एकदम सेंट्रिफ्यूजला, म्हणजे गरगर फिरवून गाळ तळाशी बसवणाऱ्या यंत्राला, लावल्या, ३००० आरपीएम, १५ मिनिटं. दुसऱ्या दिवशी ग्लुकोज लावलं, तर चढण गायब. लहान आणि मोठे जवळपास एकाच गुलाबी रंगाचे.

आधी वाटलं अभिकर्मक खराब झालं. नवी बाटली उघडली, स्टँडर्ड पुन्हा लावलं. तेच. मग वाटलं गटांच्या चिठ्ठ्या अदलाबदल झाल्या, पण कोलेस्टेरॉल शिस्तीत लहानांत कमी आणि मोठ्यांत जास्त दाखवत होतं. म्हणजे चिठ्ठ्या बरोबर. कोलेस्टेरॉल तसंच राहतं आणि ग्लुकोजच बिघडतं, म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं. रात्री अंथरुणावर पडल्यावर लख्खकन डोक्यात आलं, आणि मग झोप कसली.

माझी सवय अशी, की कंटाळवाणं काम आधी उरकायचं. म्हणून पाचही खेपांना मी लहान फॉलिकल आधी घेतले होते. ते शंभर-सव्वाशे टोचायला दीड तास लागायचा. एक एक थेंब नळीत जमायचा, आणि नळी स्टँडमध्ये, खोलीच्या तापमानाला. मोठे शेवटी, दहा मिनिटांत खलास. मग सगळं एकदम फिरवायचं. सुईबरोबर पाण्यात ग्रॅन्युलोसा पेशी येतातच, आणि लहान फॉलिकल टोचताना भिंत खरवडली जाते म्हणून जास्त येतात. त्या पेशी नळीत पडल्या म्हणून मेलेल्या नसतात. त्या दीड तास माझं ग्लुकोज खात बसल्या होत्या. रक्ताचा नमुना तसाच ठेवला तर खोलीच्या तापमानाला ग्लुकोज तासाला ५ ते ७ टक्क्यांनी उतरतं, हे मी पदवीच्या दुसऱ्या वर्षी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. पेशींचं हे खाणं थांबवायला रक्ताच्या नमुन्यात फ्लोराइड घालायचं मी कधीही विसरत नसे. हे पाणी पिवळसर, नितळ दिसतं म्हणून त्यात पेशी आहेत हे मला सुचलंच नाही.

कोलेस्टेरॉलला कुणी दीड तासात खात नाही, म्हणून ते शहाण्यासारखं वागत होतं.

मला बोचलं ते वेगळंच. चूक झाली ती नेमकी अपेक्षित दिशेने. आकडे उलटे आले असते तर मी दुसऱ्याच दिवशी नळी, सुई, बाटली सगळं तपासलं असतं. पुस्तकाशी जुळले म्हणून पाच खेपा मी काहीच तपासलं नाही. मामांना मोठे फॉलिकल फुटण्याची काळजी वाटली नसती तर मी ती चढण फोटोसकट प्रबंधात छापली असती. सरांना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “पण ट्रेंड तर बरोबर आहे ना?” सरांबद्दल मला आजही आदर आहे, पण त्या एका वाक्याचा राग मी पुढे दोन महिने त्यांच्या पिपेटांवर काढला.

पाचही खेपांचं ग्लुकोज बाद केलं. एलडीएच या एन्झाइमचे आकडेही बाद. त्यात तर लाल पेशी फुटल्याचा गुलाबी झाकही होता, आणि लाल पेशींत एलडीएच ठासून भरलेलं असतं. नवी पद्धत ठरवली. बर्फाच्या ताटात छोट्या नळ्या. दर दहा मिनिटांनी जेवढं जमलं तेवढं लगेच छोट्या सेंट्रिफ्यूजमध्ये, वरचं नितळ पाणी दुसऱ्या थंड नळीत, मग उणे २० अंशांना. गटांचा क्रम प्रत्येक खेपेला चिठ्ठी काढून. वहीत दोन नवे रकाने आखले: ‘टोचल्याची वेळ’ आणि ‘फिरवल्याची वेळ’. घड्याळ बघायचं आणि मोठ्याने वेळ सांगायची हे काम मामांनी आपण होऊन घेतलं, आणि रेल्वेच्या उद्घोषकाच्या थाटात ते पार पाडलं.

चढण परत आली, पण ठेंगणी. लहान फॉलिकलमध्ये ग्लुकोज खरोखरच कमी असतं. मी आधी दाखवत होते तितकं कमी नसतं. फरकाचा बराच मोठा वाटा माझ्या स्टँडमध्ये तयार होत होता.

मग नवा किडा. नळीत जे घडतं ते अंडाशयातही घडत नसेल का? शेळी कापली की रक्तपुरवठा थांबतो, पण फॉलिकलमधल्या पेशी काही त्याच क्षणी काम थांबवत नाहीत. आता बाहेरून ग्लुकोज येत नाही, आत आहे ते संपवायचं. म्हणजे प्रत्येक फॉलिकल हीच एक बंद नळी, आणि तिला तिप्पट भिंत असलेले लहान फॉलिकल इथेही आघाडीवर. शेळीला अंडाशयं दोन असतात याचा फायदा घेतला. डावं आल्या आल्या टोचलं, उजवं दोन तास सलाइनमध्ये ठेवून मग. अर्ध्या जोड्या बर्फावर, अर्ध्या कोमट सलाइनमध्ये. कोमट सलाइनमधल्या उजव्या अंडाशयाचं ग्लुकोज डाव्याच्या मागे पडलं. बर्फावरच्या जोड्यांत दोन्ही बाजू बऱ्याच जवळ राहिल्या. तरीही कापल्यापासून थर्मासमध्ये पडेपर्यंतची जी काही मिनिटं असतात ती कुठल्याच रकान्यात मावत नाहीत. जिवंत शेळीच्या आतलं खरं पाणी हवं तर अल्ट्रासाउंड किंवा लॅपरोस्कोप लावून जिवंतपणीच ओढावं लागतं. ते आमच्या आवाक्याबाहेर होतं.

या प्रकरणानंतर इतरांचे निबंध वाचायची माझी पद्धत पार बदलली. आधी थेट तक्त्यावर उडी असायची. आता मी ‘साहित्य व पद्धती’त जाऊन बसते आणि एकच शोधते: टोचल्यापासून फिरवेपर्यंत किती वेळ गेला? पुष्कळ ठिकाणी ते वाक्य नसतंच. ‘गोळा करून सेंट्रिफ्यूज केले’ एवढंच.

राहिला हॉर्मोन्सचा भाग. तो मी शेवटपर्यंत ढकलला होता, कारण किट एकच आणि त्यात जागा मोजक्या. फॉलिकलमध्ये थीका पेशी पिट्युटरीच्याच दुसऱ्या हॉर्मोनच्या, एलएचच्या, सांगण्यावरून अँड्रोजेन बनवतात, ग्रॅन्युलोसा पेशी एफएसएचच्या सांगण्यावरून त्याचं इस्ट्रॅडिऑल करतात. फॉलिकल धडधाकट असेल तर पाण्यात इस्ट्रॅडिऑल वरचढ. ते विझायला लागलं, म्हणजे अट्रेशिया सुरू झाली, की इस्ट्रॅडिऑल कोसळतं आणि प्रोजेस्टेरॉन वर दिसायला लागतं. आणि विझणारेच बहुसंख्य. शेळीचं ऋतुचक्र साधारण २१ दिवसांचं, त्यात फॉलिकलच्या तीन-चार लाटा येतात, आणि अंडं सोडण्याचा मान मिळतो एक-दोघांना, फार तर तिघांना. बाकीचे वाटेतच विरतात. म्हणजे माझ्या सव्वाशे फॉलिकलच्या नळीत धडधाकट किती आणि विझणारे किती, याचा पत्ता नव्हता. झाकली मूठ.

शेवटच्या खेपेत एका अंडाशयावर दोन मोठे फॉलिकल शेजारीशेजारी मिळाले, दोन्ही ६ मि.मी.च्या थोडे वर. व्हर्नियरला दोघांत काही फरक दिसेना. एकातलं पाणी नितळ, गवताच्या काडीच्या रंगाचं. दुसऱ्यातलं जरा गडद, आणि उजेडापुढे धरल्यावर त्यात बारीक कण तरंगताना दिसले. नियमाप्रमाणे दोन्ही ‘मोठे’ या नळीत जायला हवे होते. मामांनी माझ्याकडे पाहिलं, मी मामांकडे, आणि आम्ही दोन वेगळ्या नळ्या घेतल्या. किटमधल्या उरलेल्या जागा त्यांना दिल्या. नितळ पाण्यात इस्ट्रॅडिऑल मापाच्या बाहेर गेलं, विरल करून पुन्हा लावावं लागलं, प्रोजेस्टेरॉन किरकोळ. कण तरंगत होते त्यात बरोबर उलट. एकाच शेळीचे, एकाच अंडाशयावरचे, एकाच मापाचे, मध्ये दोन मिलिमीटरही अंतर नाही.

प्रबंधात त्या दोघांना स्वतंत्र जागा मिळाली नाही. तक्त्यात ते ‘मोठे’ या ओळीत गेले, सरासरी आणि पुढे अधिक-उणे. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्या ओळीवर पेन ठेवून विचारलं, की हे अधिक-उणे जवळजवळ सरासरीएवढंच कसं काय? मी पिशवीतून वही काढली आणि त्या दोन नळ्यांचं पान उघडून त्यांच्यापुढे सरकवलं.